मूल बोलत नाही? आधी कान तपासा

मुंबईत गोरेगाव पूर्वेला आरे कॉलनी आहे. १९४९ साली दुधाच्या योजनेसाठी ही वसाहत उभी राहिली. म्हशींचे तबेले, तबेल्यांवर राबणारी उत्तर भारतीय कुटुंबे आणि त्यांच्याही आधीपासून इथे राहणारे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे अशी इथली वस्ती. लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, त्यामुळे बिबट्याचा वावर नेहमीचाच. २०२१ आणि २०२२ साली इथे माणसांवर हल्लेही झाले. म्हणून दिवेलागणीला पाड्यावरच्या आया-आज्या अंगणात येऊन पोरांना हाका मारतात आणि पोरे खेळ टाकून घराकडे पळतात.

या भागात माझी बरीच वर्षे प्रॅक्टिस आहे. काही वर्षांपूर्वी एका पाड्यावरची आई अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. "अजून बोलत नाही," एवढीच तक्रार. मी मुलाच्या पाठीमागे उभा राहून टाळी वाजवली. त्याने वळून पाहिले. मी म्हणालो, "कान चांगले आहेत. काही मुले उशिरा बोलतात. अजून थोडी वाट पाहा." आई समाधानाने परत गेली.

दीड वर्षाने त्याच मुलाला ताप आला म्हणून आजी घेऊन आली. मी औषध लिहीत होतो, तेव्हा ती सहज बोलून गेली, "डाक्टर, संध्याकाळी हाक मारली की बाकीची पोरं पळत येतात. हा तिथंच खेळत बसतो. दुसरी पळताना दिसली की मग हा पळतो. एकटा असला तर हाताला धरूनच आणावा लागतो."

माझा हात थांबला. जे मला टाळी वाजवून कळले नव्हते, ते या आजीने रोज डोळ्यांनी पाहिले होते. तपासणी झाली आणि दोन्ही कानांना तीव्र बहिरेपण निघाले. त्या दिवशी तो माझ्या टाळीला वळला नव्हता. माझी सावली हलली, मानेला वाऱ्याची झुळूक लागली, म्हणून वळला होता. चूक माझी होती आणि त्या चुकीत मुलाचे दीड वर्ष गेले. इतर पालकांचे ते जाऊ नये म्हणून आजचा लेख.

बोलणे कानाने शिकतात

आपल्याकडे न बोलणाऱ्या मुलाला 'मुका' म्हणायची सवय आहे. पण जन्मतः बहिऱ्या असलेल्या बहुतेक मुलांचा गळा, जीभ, स्वरयंत्र अगदी ठीक असते. ते रडतात, हसतात, ओरडतात. बोलत नाहीत, कारण बोलणे कधी कानावर पडलेलेच नसते. जे ऐकले नाही त्याची नक्कल करणार कशी?

मूल आईच्या पोटात असतानाच साधारण सहाव्या महिन्यापासून ऐकू लागते. जन्मल्यानंतर पहिली दोन-तीन वर्षे मेंदू भाषा झपाट्याने टिपत असतो. या काळात कानातून काही पोचले नाही, तर मेंदूतला ऐकण्याचा भाग हळूहळू दुसऱ्या कामाला लागतो. पुढे कितीही चांगले यंत्र लावले तरी ती भरपाई पूर्ण होत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात झालेला एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. ज्या बाळांचे बहिरेपण सहा महिन्यांच्या आत ओळखले गेले, त्यांची भाषा उशिरा ओळखलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती.

जन्मतः कायमचे बहिरेपण असलेली बाळे साधारण हजारात एक ते तीन असतात. संख्या लहान वाटेल. पण एखाद्या तालुक्यात वर्षाला किती बाळे जन्मतात याचा हिशेब करा, म्हणजे ती लहान नाही हे कळेल.

टाळी आणि थाळीवर भरवसा नको

घरोघरी थाळी वाजवून कानाची परीक्षा होते. ती फसवी आहे. बहिरे मूल डोळ्यांनी आणि अंगाने जग टिपते. जमिनीचा हादरा, हलणारी सावली, आईच्या चेहऱ्यावरचा भाव यांवरून ते इतके अचूक वागते की घरच्यांना शंकाही येत नाही.

दुसरे म्हणजे बहिरेपण नेहमी पूर्ण नसते. मुलाला ट्रकचा हॉर्न, म्हशीचे हंबरणे, ढोल ऐकू येईल. पण बोलण्यातले स, श, त, क, फ असे बारीक उच्चार येणार नाहीत. त्याला शब्द अर्धेमुर्धे ऐकू येतात आणि तेही अर्धेमुर्धेच बोलते. 'दार आपटले की दचकतो, म्हणजे ऐकू येते' हे म्हणूनच खरे नाही.

तिसरी फसगत अशी, की बहिरे बाळही पहिल्या काही महिन्यांत 'आ', 'ऊ' असे आवाज काढते. पुढे 'बाबाबा', 'मामामा' अशी अक्षरांची माळ मात्र येत नाही, किंवा फार उशिरा येते. तिथे सावध व्हावे.

पालकांनी काय पाहावे

तीन महिने : मोठ्या आवाजाने दचकते का? आईच्या आवाजाने शांत होते का?
सहा ते नऊ महिने : न दिसणाऱ्या आवाजाच्या दिशेला मान वळवते का? 'बाबाबा' सुरू झाले का?
एक वर्ष : नावाने हाक मारल्यावर पाहते का? एखादा अर्थाचा शब्द आला का?
दीड वर्ष : नुसत्या शब्दांनी, हाताची खूण न करता सांगितलेले साधे काम समजते का? आठ-दहा शब्द आहेत का?
दोन वर्षे : 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडते का?

यांपैकी एखादी गोष्ट नसेल तर घाबरू नका, पण थांबूही नका. आणि येत असलेले बोलणे एकाएकी कमी झाले किंवा गेले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

'याचा बापही चार वर्षांचा झाल्यावर बोलला' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. बाप बोलला असेल. मुलाचा कान तपासल्याने त्यात काही बिघडत नाही. वेखंड चाटवणे, पोपटाने उष्टावलेला पेरू खायला देणे, जिभेखालचा पडदा कापून घेणे यांनी बहिरेपण जात नाही. कानात गरम तेल तर कधीच घालू नये.

कारणे आणि टाळता येण्यासारखे

जन्मजात बहिरेपणाची निम्म्याहून अधिक उदाहरणे आनुवंशिक असतात. आई-वडील दोघेही चांगले ऐकतात, पण दोघांकडे एकच लपलेला दोष असतो आणि तो मुलात एकत्र येतो. नात्यातल्या लग्नात, उदाहरणार्थ मामाच्या मुलीशी केलेल्या लग्नात, अशी गाठ पडण्याचा संभव वाढतो.

गरोदरपणी आईला रुबेला झाला, बाळ फार कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मले, जन्मतः श्वास अडकला, कावीळ फार वाढली, मेंदूच्या आवरणाला सूज आली, तर कानाची नस आणि आतला शंख यांना इजा होऊ शकते. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी इंजेक्शने जीव वाचवतात. पण त्यांचा कानावर परिणाम होऊ शकतो. अशा बाळाचे कान आवर्जून तपासावेत.

पोलिओप्रमाणे इथेही लस आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली. आता ही लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास सरकारी केंद्रात मोफत मिळते. ती चुकवू नका. कान वाहणे, सर्दीने पडद्यामागे पाणी साचणे ही कारणे तर औषधाने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने बरी होणारी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बालपणातले सुमारे ६० टक्के बहिरेपण टाळता येण्यासारखे आहे.

तपासणीला वय लागत नाही

'मूल अजून लहान आहे, सांगू कसे शकेल?' असे पालक विचारतात. मुलाने काही सांगायची गरजच नाही. ओ.ए.ई. या चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडूक ठेवून हलका आवाज सोडतात आणि आतल्या कानाचा प्रतिसाद यंत्र टिपते. काही मिनिटांचे काम. दुसरी चाचणी 'बेरा'. यात डोक्याला तारा चिकटवून आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का, हे पाहतात. विजेचा धक्का वगैरे काही नसतो. क्वचित आतला कान ठीक असतो, पण नस संदेश पोचवत नाही. अशा मुलाची पहिली चाचणी चांगली येते. म्हणून काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळाची 'बेरा' करून घ्यावी.

उत्तम वेळापत्रक असे : पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार. सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागातून करावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत येतात, त्यांनाही सांगावे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे तपासणी, यंत्र आणि वाचोपचार या सगळ्यांची सोय आहे.

कान चांगले, तरी बोलत नाही

सगळी मुले बहिरेपणामुळेच गप्प असतात असे नाही. तबेल्यावरच्या एका कुटुंबातली पाच वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. घरी भोजपुरी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. 'तीन भाषांनी डोक्यात गोंधळ झाला' असे सगळ्यांचे मत. मी तिच्या आईला विचारले, "घरच्या बोलीत तरी नीट बोलते का?" तिथेही वाक्य जुळत नव्हते, सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगता येत नव्हती. कान तपासले, ते उत्तम होते. हा भाषेचाच दोष होता.

असा दोष साधारण शंभरात सात मुलांना असतो. बुद्धी चांगली असते, ऐकू येते, पण भाषा पकडता येत नाही. शाळेत अशा मुलाला 'ढ' किंवा 'आळशी' ठरवतात. अनेक भाषा कानावर पडल्याने हा दोष होत नाही. खरा दोष असेल तर तो मुलाच्या प्रत्येक भाषेत दिसतो. म्हणून वारली किंवा भोजपुरी बोलणाऱ्या आईने मोडक्या मराठीत बोलण्याचा अट्टहास करू नये. ज्या बोलीत मायेने, भरभरून बोलता येते, तीच बोलावी.

काही मुले नावाने हाक मारल्यावर पाहत नाहीत, पण बिस्किटाच्या पुड्याचा आवाज झाला की धावतात. नजरेला नजर देत नाहीत, बोट दाखवून काही मागत नाहीत. इथे स्वमग्नतेचा विचार करावा लागतो. तरीही पहिली तपासणी कानाचीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोष आणि वाचा-भाषा दोष वेगवेगळे मोजले आहेत, कारण दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

उपचार म्हणजे नुसते यंत्र नव्हे

श्रवणयंत्र लावले की मूल दुसऱ्या दिवशी बोलेल, ही अपेक्षा चुकीची. यंत्र फक्त आवाज पोचवते. त्या आवाजाला अर्थ देणे महिनोन् महिने शिकवावे लागते. मूल वाढते तसा कानातला साचा बदलावा लागतो. जागेपणी सगळा वेळ यंत्र कानावर हवे. पेटीत जपून ठेवलेल्या यंत्राचा उपयोग नाही. गरजू कुटुंबांना केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते. फार तीव्र बहिरेपणात कॉक्लियर इम्प्लांट ही शस्त्रक्रिया करतात. सरकारी मदतीसाठी वयाची अट असते. उशीर झाला तर ती संधी जाते.

खाणाखुणांची भाषा शिकवली तर मूल बोलायचे नाही, ही भीतीही सोडा. ती स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. मुलाला कोणती तरी भाषा वेळेवर मिळणे महत्त्वाचे. भाषाच न मिळालेल्या मुलाचा रागराग, आदळआपट आपण हट्ट समजतो.

घरी एवढे करा : मुलासमोर, उजेडात, त्याच्या उंचीला बसून बोला. भाकरी थापताना, पाणी भरताना जे करता ते शब्दांत सांगत राहा. ते चुकीचे बोलले तर रागावू नका, बरोबर वाक्य आपण एकदा म्हणा.

त्या पाड्यावरच्या मुलाचे काय झाले? त्याला दोन्ही कानांना यंत्रे मिळाली. आई मजुरी बुडवून बस, रेल्वे आणि पुन्हा बस करत त्याला वांद्र्याला नेत राहिली. आज तो शाळेत जातो, मोजके बोलतो, बरेचसे खुणांनी सांगतो. अनोळखी माणसाला त्याचे बोलणे पटकन कळत नाही. दीड वर्ष आधी सुरुवात झाली असती तर किती फरक पडला असता, हे कोणीच नक्की सांगू शकत नाही. तो प्रश्न माझ्यापाशी राहिला आहे. पण संध्याकाळी आजीने हाक मारली की आता तो मान वर करतो.

त्यानंतर न बोलणारे मूल आले की मी टाळी वाजवत नाही, तपासणीची चिठ्ठी लिहितो. तुमच्या डॉक्टरांनी 'वाट पाहा' असे सांगितले, तर नम्रपणे म्हणा, "पाहतो डॉक्टर, पण आधी कानाची चिठ्ठी द्या."