संगणकाची ढाल उघडत नाही तेव्हा

शेणव्यासारख्या गावातील दुकानाच्या गादीवर आज लाल कापडाच्या चोपडीपेक्षा संगणकाचाच भार अधिक आहे. गिऱ्हाइकांची उधारी, भाताच्या खरेदीचा हिशोब, जीएसटीचे विवरणपत्र, बँकेचे व्यवहार हे सारे एकाच यंत्रात साठलेले असते. त्या यंत्राच्या रक्षणासाठी विंडोजमध्येच ‘विंडोज सिक्युरिटी’ नावाची सोय दिलेली आहे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील लहानशी ढाल ही तिची खूण. एखाद्या सकाळी त्या ढालीवर क्लिक करावे आणि काहीच उघडू नये, नुसती कोरी चौकट यावी, किंवा हा दुवा उघडण्यासाठी नवे ॲप लागेल असा चमत्कारिक संदेश दिसावा, हा प्रकार तसा दुर्मीळ नाही. तंत्रज्ञ शहापूरहून यावयाचा म्हणजे दिवस सहज मोडतो. तोवर बरेच काही आपल्याला स्वतःला पाहता येते.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. ढालीवर क्लिक केल्यावर उघडते ती केवळ एक खिडकी असते. विषाणूंवर पाळत ठेवणारा ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ हा पहारेकरी तिच्यामागे स्वतंत्रपणे काम करीत असतो. दुकानाचे शटर अडकले म्हणून रात्रीचा राखणदार निघून गेला असे होत नाही. पण तो जागेवर आहे की नाही, हे पाहून घेतले पाहिजे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. उघडणाऱ्या यादीत ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे नाव आढळले, तर पहारा चालू आहे आणि बिघाड बहुधा खिडकीपुरताच आहे. विकतचे दुसरे अँटिव्हायरस बसवलेले असेल, तर डिफेंडर आपण होऊन मागे सरतो आणि हे नाव सहसा दिसत नाही. त्यात भिण्यासारखे काही नाही. मात्र त्या दुसऱ्या अँटिव्हायरसची मुदत संपलेली नाही ना, हे तपासावे. मुदत संपली असल्यास ते नूतन करावे किंवा रीतसर काढून टाकावे.

आपल्या भागात अशा बिघाडाला वीजही कारण ठरू शकते. पावसाळ्यात विंडोजचे अद्ययावतीकरण चालू असता दिवे जातात, यंत्र मध्येच बंद पडते आणि एखादी फाइल अर्धवट लिहिलेली राहते. म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे: यंत्र ‘रीस्टार्ट’ करावे. आम्ही तर रोज सायंकाळी बंद करतोच, असे पुष्कळ दुकानदार म्हणतील. पण आजच्या विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्यावर लवकर चालू होता यावे म्हणून जुनी स्थिती काही अंशी जपून ठेवली जाते. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’नेच होते. त्यानंतर तारीख व वेळ पाहावी. जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि अद्ययावतीकरण अडखळते. मग सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’मध्ये जे काही थांबलेले असेल ते पूर्ण होऊ द्यावे.

एवढ्याने भागले नाही, तर स्टार्टच्या शोधपट्टीत विंडोज सिक्युरिटी हे नाव लिहावे. शेजारी ‘ॲप सेटिंग्ज’ दिसेल. तेथे आधी ‘रिपेअर’ आणि त्याचा उपयोग न झाल्यास ‘रीसेट’. या रीसेटने केवळ त्या ॲपची मांडणी मूळपदावर येते, आपल्या खातेवह्यांना धक्का लागत नाही. ‘रीसेट धिस पीसी’ हा पर्याय निराळा असून तो संपूर्ण यंत्रच नव्याने मांडतो. नावातील साम्याने घाईगर्दीत भलत्याच ठिकाणी बोट पडू नये.

तरीही खिडकी उघडेना, तर मोडलेल्या फाइली शोधून दुरुस्त करणारी एक आज्ञा विंडोजमध्येच आहे. शोधपट्टीत ‘सीएमडी’ लिहून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. उघडलेल्या काळ्या चौकटीत इंग्रजी लिपीत ‘एसएफसी’ ही तीन अक्षरे, एक मोकळी जागा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘स्कॅननाऊ’ असे लिहावे. कामाला बराच वेळ लागतो. तेवढ्यात वीज जाऊ नये म्हणून यूपीएस हवाच.

याहून गंभीर कारण मात्र आपणच विकत घेतलेले असते, किंबहुना विकत न घेतल्यामुळे आलेले असते. पुष्कळ छोट्या दुकानांत विंडोज वा हिशोबाचा प्रोग्रॅम ‘क्रॅक’ करून बसवलेला असतो. तो बसवताना डिफेंडर बंद करण्यास सांगितले जाते आणि पुढे तो बंदच राहतो. काही घातक प्रोग्रॅमही आत शिरताच प्रथम पहारेकऱ्यालाच बांधून ठेवतात. यादीत पहारेकऱ्याचे नाव नाही, दुसरे अँटिव्हायरसही नाही आणि ढालही उघडत नाही, असे तिन्ही जुळून आले तर त्या यंत्रावरून बँकेचा एकही व्यवहार करू नये. इंटरनेट तोडावे. दुसऱ्या, निरोगी संगणकावर मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून ‘सेफ्टी स्कॅनर’ उतरवून पेन ड्राइव्हने आणावा व चालवावा. तो उतरवल्यापासून दहाच दिवस चालतो. जुना साठवून उपयोग नाही.

हिशोबाच्या प्रोग्रॅममधून केवढा अनर्थ येऊ शकतो हे आपल्या किनाऱ्याने पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘पेट्या’ नावाने गाजलेल्या हल्ल्यात मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक कोलमडले आणि तिच्या समूहाकडून चालवले जाणारे, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल ठप्प झाले. मर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितले. हा हल्ला युक्रेनमधील व्यापारी वापरीत असलेल्या करहिशोबाच्या एका प्रोग्रॅमच्या अद्ययावतीकरणातून पसरला होता. तो ज्या फटींतून एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला, त्यांतील एकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही येथे आठवावे.

इंटरनेटवर उपाय शोधताना अकस्मात भोंगा वाजू लागतो, पडदा लाल होतो आणि मदतीसाठी अमुक क्रमांकावर फोन करा असे दिसते. मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीही नसतो. त्या क्रमांकावर फोन करून यंत्राचा ताबा कोणाला दिला आणि पैसे गेले, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे.

तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी पडद्यावरील संदेशाचे मोबाइलवर छायाचित्र काढून त्याला पाठवावे. खातेवह्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून वेगळी करून ठेवावी. ‘विंडोज नवे टाकतो’ असे तो म्हणाला, तर परवाना कोणता आणि त्याची पावती मिळणार की नाही, हे काम सुरू होण्याआधीच विचारावे.