मल्टीमीटरचा पाचवा आकडा

फ्लूक ८७-व्ही हा हातात धरायचा मल्टीमीटर एरवी ६,००० काउंटचा असतो, म्हणजे दशांशचिन्ह सोडलं तर पडद्यावर सुमारे ६,००० पर्यंतचेच आकडे मावतात, आणि त्याच्या पडद्यावरचा आकडा सेकंदाला चारदा बदलतो. एक बटण दाबून धरलं, की तोच मीटर १९,९९९ काउंटचा होतो. पडद्यावर आणखी एक घर उघडतं, पण आता आकडा सेकंदाला एकदाच बदलतो. यंत्र तेच, बॅटरी तीच, प्रोबही तेच. जादा बारकाई हवी असेल तर तिची किंमत वेळेत मोजायची. नागपुरात बर्डीवर मीटर घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक खोक्यावरचे काउंट बघतं. सेकंदाला किती वाचनं, हे सहसा कुणी विचारत नाही.

हा वेळ जातो कुठे? इंटरसिल कंपनीची आयसीएल ७१०६ ही साडेतीन अंकी, म्हणजे २,००० काउंटची चिप स्वस्त मीटरांची जणू आदिमाता. तिची पद्धत अशी : मोजायच्या व्होल्टेजने एक कॅपॅसिटर ठरावीक वेळ भरायचा, मग माहीत असलेल्या व्होल्टेजने तो उतरवायचा आणि उतरायला किती वेळ लागला ते मोजायचं. कूलरची टाकी अनोळखी नळाने पाच मिनिटं भरली आणि ओळखीच्या तोटीने रिकामी केली, तर लागलेल्या वेळावरून नळाची धार कळेल, तसंच हे. ४० किलोहर्ट्झच्या घड्याळावर या चिपचं भरणं १०० मिलिसेकंद चालतं आणि पूर्ण फेरी ४०० मिलिसेकंदांची होते, म्हणजे सेकंदाला अडीच वाचनं. यातलं नवल असं, की मीटर समोरच्या व्होल्टेजकडे पाहतो ते फेरीचा फक्त चौथा हिस्सा. बाकीचा वेळ कॅपॅसिटर उतरवण्यात आणि स्वतःचं शून्य जुळवण्यात जातो. तेवढ्यात तारेत काही घडून गेलं, तर त्याला पत्ताही लागत नाही.

बरं, १०० मिलिसेकंदच का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिची एक लाट २० मिलिसेकंदांची. शंभरात बरोबर पाच लाटा बसतात. लाटेचा वरचा अर्धा भाग जेवढी भर घालतो तेवढीच खालचा अर्धा काढून घेतो, आणि आसपासच्या वायरिंगची गुणगुण आपोआप शून्य होते. म्हणजे मीटर मंद आहे तो जाणूनबुजून. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथे ४८ किलोहर्ट्झचं घड्याळ ठेवलं, की भरणं सुमारे ८३ मिलिसेकंदांचं होतं आणि त्यांच्या पाच लाटा त्यात बसतात. आपल्या मात्र चार लाटा आणि वर एक तुकडा. तसा मीटर इथे कूलरच्या चालू मोटरीशेजारी धरला, तर शेवटचा आकडा नाचू शकतो.

दोन वाचनांमधलं काही निसटून जाण्याची अडचण जुन्या काट्याच्या मीटरला नव्हती. ब्रिटिश पोस्ट खात्यातला इंजिनिअर डोनाल्ड मॅकॅडी याच्या कल्पनेतून १९२३ मध्ये ॲव्होमीटर बाजारात आला, आणि तिथून या मीटरांचा संसार वाढला. आपल्या नाशिकने दोन्ही पिढ्या घडवल्या : मोटवानेचे काट्याचे मीटर, आणि १९८२ मध्ये सुरू झालेल्या रिषभ इन्स्ट्रुमेंट्सचे डिजिटल. पंख्याचा कंडेन्सर काट्याच्या मीटरला ओहमच्या रेंजवर लावला, की काटा उसळतो आणि सावकाश परततो; मेकॅनिकला तेवढी उसळी पुरे. साधा डिजिटल मीटर त्याच वेळात एकमेकांशी नातं नसलेले तीन-चार आकडे दाखवून मोकळा होतो. म्हणूनच ८७-व्हीच्या पडद्यावर आकड्याखाली ३३ रेघांची पट्टी आहे. ती सेकंदाला ४० वेळा हलते. शिवाय २५० मायक्रोसेकंदांचा झटकाही तो वेगळ्या मोडमध्ये टिपतो. एकाच खोक्यात वेगवेगळ्या चालीची यंत्रं आणि प्रत्येकाची बारकाई निराळी!

काउंटचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. १२.६ व्होल्टची बॅटरी २,००० काउंटचा मीटर २० व्होल्टच्या रेंजवर मोजतो, ६,००० चा ६० व्होल्टच्या. दोघेही एका व्होल्टचा शंभरावा भागच दाखवतात, म्हणजे जादा पैसे इथे वाया. घरातल्या २३० व्होल्टला मात्र पहिल्याची २०० ची रेंज अपुरी पडते, त्यामुळे तो पूर्ण व्होल्टातच बोलतो. ६,००० चा मीटर दशांशही सांगतो. मोबाइल दुरुस्तीवाल्यांची पंचाईत तर आणखी मजेची. ४,००० काउंटचा मीटर चार व्होल्टपर्यंत हजारावा भाग दाखवतो, आणि लिथियमची बॅटरी पूर्ण भरते ४.२ व्होल्टला. ऐन मोक्याच्या जागी एक आकडा गळतो.

आणि दिसणारा आकडा खरा असतोच असं नाही. ३० मे २०२४ रोजी नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान झळकलं होतं. नंतर सेन्सरच बिघडल्याचं हवामान विभागाने सांगितलं. मीटर न बिघडताही चुकतो, आणि त्यात ऊन भर घालतं. अचूकतेची हमी बहुतेक मीटरांना १८ ते २८ अंश सेल्सिअसपुरतीच असते. त्यापलीकडे दर अंशाला मूळ चुकीच्या एक दशांशाने चूक वाढते, असं पुस्तिकेत बारीक अक्षरात छापलेलं सापडतं. समजा अचूकता ‘०.५ टक्के अधिक २ अंक’ (शेवटच्या घरातले २) आहे. मग १२.६० व्होल्टला चूक ०.०८ पर्यंत. मे महिन्यात ४५ अंशांत तीच २.७ पट होते, म्हणजे सुमारे ०.२२, खरी बॅटरी १२.३८ पासून १२.८२ पर्यंत कुठेही असू शकते. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ला भरलेली आणि १२.४ ला साधारण पाऊण भरलेली मानतात. यातली कोणती, ते हा मीटर ठामपणे सांगू शकत नाही, मग सेकंदाला चार वाचनं घ्या की एक. त्यातून कित्येक स्वस्त मीटरांना कामाची कमाल मर्यादाच ४० अंश दिलेली असते. भर दुपारी गाडीच्या डिक्कीतून काढलेला मीटर आधी सावलीत निववावा आणि मगच प्रोब लावावेत.