दारूची कावीळ : पहिले तीन महिने कसोटीचे

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली की घरात ‘कावीळ’ असे निदान होते. मग कावीळ उतरवणाऱ्याचा शोध, उसाचा रस आणि बिनतेलाचे जेवण सुरू होते. पण रुग्ण रोज बरीच दारू पिणारा असेल, तर हा यकृताला दारूमुळे आलेली सूज, म्हणजे ‘अल्कोहोलिक हिपॅटायटिस’ असू शकतो. दारू बंद केल्यानंतरही काही आठवड्यांनी ही कावीळ दिसू शकते. ‘आता तर तो पीत नाही’ म्हणून निर्धास्त राहणे त्यामुळे अंगाशी येते.

आजार किती गंभीर आहे, हे रक्तातील बिलिरुबिन आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ यांवरून काढलेल्या ‘मॅड्रे स्कोअर’ने कळते. हा आकडा 32 किंवा त्याहून अधिक असेल, तर आजार तीव्र मानतात. अशा रुग्णांपैकी अनेक जण पहिल्या एक ते तीन महिन्यांतच दगावतात.

मृत्यू ओढवतो तो बहुधा गुंतागुंतीमुळे. पोटात पाणी होते आणि त्या पाण्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी शौचास होते. विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचली की रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो. घरच्यांना ती नशाच वाटते. लघवी कमी होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ लागणे हे सर्वांत वाईट लक्षण. यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तीव्र आजारात निवडक रुग्णांना स्टेरॉइड देतात. सातव्या दिवशी पुन्हा तपासणी करून, उपयोग नसेल तर ते थांबवतात, कारण संसर्गाचा धोका वाढतो. ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक रुग्णांवर झालेल्या व 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टेरॉइडचा थोडा लाभ पहिल्या महिन्यापुरताच दिसला; तीन महिन्यांनी आणि वर्षाने फरक उरला नव्हता. काही निवडक रुग्णांना यकृत प्रत्यारोपणाने जीवदान मिळते.

आहारही औषधाइतकाच महत्त्वाचा. हे रुग्ण बहुतेक कुपोषित असतात. त्यांना उपाशी ठेवू नये. डाळ, दूध, अंडी असा प्रथिनयुक्त आहार आणि झोपण्यापूर्वी थोडे खाणे डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

पहिले महिने निभावले की पुढचे आयुष्य मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते : दारू पूर्ण बंद होते की नाही. ‘थोडीशी’ घेतल्यासही आजार उलटतो. मात्र सवय जुनी असेल, तर ती घरच्या घरी एकदम तोडू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. यकृततज्ज्ञाबरोबर मानसोपचारतज्ज्ञाचीही मदत घ्यावी. व्यसन हाही आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत.