सातबारा आणि बुद्धीची कसोटी

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी आणि सामुदायिक विज्ञान (पूर्वीचे गृहविज्ञान) ही दोन्ही शास्त्रे शिकविली जातात. परंतु पहिले मुलांचे व दुसरे मुलींचे, ही विभागणी जणू निसर्गानेच ठरवून दिली आहे असे मानणारी मंडळी आजही पुष्कळ आहेत, आणि यंत्राची आकृती मनातल्या मनात फिरवून पाहण्याची शक्ती स्त्रियांच्या ठायी उपजतच उणी असते, हा ग्रह त्या समजुतीच्या मुळाशी आहे.

या ग्रहाची परीक्षा ईशान्य भारतात झाली. हॉफमन, ग्नीझी आणि लिस्ट या संशोधकांनी खासी व कार्बी या शेजारी नांदणाऱ्या, भातशेतीवर जगणाऱ्या आणि वंशानेही निकट असलेल्या दोन समाजांतील सुमारे १,३०० स्त्री-पुरुषांपुढे चित्राचे चार तुकडे जुळविण्याचे कोडे ठेवले, आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कार्बींमध्ये, जेथे जमीन पुत्राकडे जाते, पुरुषांना स्त्रियांपेक्षा सुमारे ३६ टक्के कमी वेळ लागला; खासींमध्ये, जेथे मिळकतीचा वारसा धाकट्या कन्येकडे जातो, असा फरक आढळलाच नाही. कार्बी स्त्रियांना शिक्षण कमी मिळते, हे या तफावतीचे एक कारण खरे, पण संपूर्ण कारण नव्हे.

क्लॉड स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली याहून सूक्ष्म असा दावा मांडला होता : गणिताच्या परीक्षेपूर्वी स्त्रियांच्या उणेपणाचा नुसता उल्लेखही त्यांचे गुण घटवितो, कारण ती अपकीर्ती खरी ठरण्याची धास्ती त्यांना ग्रासते. या धास्तीने हिशेबाचे टप्पे ध्यानात धरणारी कार्यरत स्मृती व्यापली जाते, असे स्पष्टीकरण पुढे इतर संशोधकांनी दिले. नेदरलँड्समधील दोन हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर पडताळणीत मात्र हा परिणाम दिसला नाही. क्षणिक शब्दाच्या सामर्थ्याविषयी म्हणूनच सावध राहिले पाहिजे. जन्मभर वाट्याला येणाऱ्या वागणुकीची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते अधिक गंभीर.

जमिनीच्या हक्काने ही वागणूक बदलते का, हे महाराष्ट्रातही पारखता येईल. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमाद्वारे शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले होते. जेथे सातबाऱ्यावर खातेदार म्हणून स्त्रीचे नाव चढले आणि जेथे चढले नाही, अशा दोन्ही प्रकारच्या घरांतील मुलींपुढे तेच चार तुकडे ठेवून पाहण्याचे कार्य, मानवविकासाचे अध्यापन करणाऱ्या परभणीच्याच सामुदायिक विज्ञान महाविद्यालयाने अंगावर घ्यावे.