लहान हायस्कूलची पारख कशी करावी?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु आपले मूल ज्या शाळेत जाते ती कशी आहे, हे आपण क्वचितच तपासतो. कारध्याच्या पालकांपुढे प्रश्न साधाच असतो. मूल जवळच्या लहान हायस्कूलात घालावे, की वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्याच्या मोठ्या शाळेत?

लहान शाळेचे गुण मोठे आहेत. शिक्षक प्रत्येक मुलाला नावाने ओळखतात. मूल दोन दिवस आले नाही तर घरी निरोप येतो. शाळा पायी जाण्याजोगी असली, म्हणजे बसभाड्यापायी वा सोबतीअभावी मुलीचे शिक्षण सुटत नाही.

दोषही तिथेच आहेत. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि गणिताच्या गुरुजींवर इंग्रजीही येऊन पडते.

निकालाच्या टक्केवारीने भुलू नये. बारांपैकी एक नापास झाला तरी निकाल ९१.६७ टक्क्यांवर येतो. म्हणून चार-पाच वर्षांचे निकाल पाहावेत आणि विचारावे : आठवीत किती मुले होती, त्यांतील दहावीला किती बसली? कच्च्या मुलाला नववीतच काढून १७ नंबरचा फॉर्म भरायला लावला, तर शाळेचा निकाल चढतो, मूल मात्र मागे पडते.

कार्यालयही पाहावे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला. त्या सवलतींसाठी दाखल-खारीज रजिस्टरातील धर्म, जात व जन्मतारखेची नोंद अचूक हवी. दाखला निघाल्यावर दुरुस्ती किचकट होते.

अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ साली 'चार्टर शाळां'चा कायदा केला. अशा शाळेला सरकारी पैसा व मोकळीक मिळते. पण ठराविक मुदतीच्या करारावर. काम दाखवले नाही तर शाळा बंद होऊ शकते. आपल्याकडील अनुदानित शाळेला असा करार नसतो. म्हणून विचारणा पालकांनीच करावयाची. संस्थाचालक आपलेच आहेत, कसे विचारावे, हा संकोच मुलांना महाग पडतो.

आमच्या मते गणित, विज्ञान व इंग्रजीचे शिक्षक असतील आणि मुली दहावीपर्यंत टिकत असतील, तर जवळची लहान शाळाच बरी. तसे नसेल, तर आधी पालकसभेत उभे राहून बोलावे. पूल त्यानंतर ओलांडावा.

जयभीम!