सांदवाडीत बी का उगवत नाही?



मृगाचा पाऊस पडला की वाशीम, रिसोड, मंगरुळपीरच्या बाजारात भेंडी, गवार, दोडक्याच्या पुड्यांना गर्दी होते. पंधरा दिवसांनी घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, "बीच खोटं निघालं." बी कधी खोटे निघतच नाही असे मी म्हणणार नाही. पण नोकरीत अशा तक्रारीवरून ज्या ज्या सांदवाडीत जाऊन मी माती उकरून पाहिली, तेथे बहुतेक वेळा बी चार बोटे खाली कुजलेले सापडले.

मालेगाव तालुक्यातील एका बाईंनी एकाच पावसाळ्यात तीन वेळा भेंडी लावली. त्यांचे घरधनी सोयाबीन पेरताना बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ नये म्हणून स्वतः तिफणीमागे चालत. घरामागे मात्र त्याच काळ्या मातीत भेंडीचे बी काडीने खुपसलेले!

आपली काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते. जोराच्या सरीनंतर ऊन पडले की वर पापडी धरते. खोल गेलेल्या बियाला हवा मिळत नाही. कोंब निघालाच तर तो पापडीखाली मुरगळतो. म्हणून पावसाळ्यात सपाट जागेवर बी टाकू नका. वीतभर उंच, मीटरभर रुंद आणि तीन मीटर लांब असा गादीवाफा करा. त्यात चांगले कुजलेले शेणखत दोन-तीन घमेली मिसळा. ताजे शेण टाकू नका, त्याने हुमणी येते.

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पडावे. भेंडी, गवार, चवळीला बोटाचे एक पेर पुरे. वांगी, टमाटे, मिरचीचे बी अगदी वरवर, दहा सेंटिमीटर अंतराच्या ओळींत टाकावे. ते मातीने न झाकता चाळलेल्या शेणखताने झाकावे, म्हणजे पापडी धरत नाही. वर वाळलेले गवत पसरा व झारीने पाणी द्या. कोंब दिसताच गवत काढा. एक दिवसाचा आळस झाला तरी रोपे पिवळी आणि लांबुडकी होतात.

सांभाराचे धणे फळीखाली रगडून दोन फोडी करून पेरा. मेथी चार-पाच दिवसांत वर येते, सांभाराला आठ-दहा दिवस लागतात. तोवर धीर न धरता वाफा उकरणारी मंडळी मी पाहिली आहेत. कांद्याचे बी वर्षापेक्षा जुने नको.

सोयाबीनची उगवण आपण घरी तपासतो, तशीच भाजीची तपासा. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. भेंडीच्या आठवडाभरात सात-आठ उगवल्या तर बी चांगले. पाच उगवल्या तर एका जागी दोन-दोन टोका. त्याहून कमी असतील तर ते बी लावूच नका; पुडी व पावती घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. तेवढ्यासाठी पावती मागून घ्यायची आणि पुडी फेकायची नाही. घरचे भेंडीचे बी रात्रभर भिजवले तर लवकर उगवते. पुडीतले रंगीत बी मात्र औषध लावलेले असते. ते पेरण्यापूर्वी भिजवू नका, लेकरांच्या हाती देऊ नका आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

टमाट्याची रोपे चार, वांग्याची पाच, मिरचीची सहा आठवड्यांत लावणीला येतात. उपटण्यापूर्वी वाफा भिजवा, म्हणजे मुळ्या तुटत नाहीत. लावण सायंकाळी करा. वांग्याला दोन्हीकडून ६० सेंटिमीटर, मिरचीला ओळीत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा. जवळ लावलेली वांगी वाढतात झुडपासारखी, फळे मात्र बेताचीच धरतात. ऊन असेल तर दोन दिवस पळसाच्या पानांची सावली करा. दोडके, कारल्याच्या आळ्यात तीन-चार बिया टोकून पुढे जोमदार दोन वेल ठेवा.

आणखी एक, घरधन्यांसाठी. सोयाबीनवर तणनाशक मारलेला पंप पाण्याने विसळून तसाच सांदवाडीत आणू नका. पंपात राहिलेल्या थोड्याशा औषधाने भाजीची पाने वळतात, रोपे करपतात, आणि दोष पुन्हा बियावर जातो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्याला लाल रंगाची खूण करा. सांदवाडीतले तण खुरप्याने काढले तरी अर्ध्या तासाचे काम आहे.