पेवातला वायू आणि ग्राउलरमधला वायू

केग (बिअरचं पिंप) भरण्याची पद्धत या आठवड्यात यायची होती, ती आता पुढच्या आठवड्यात. मध्येच पनवेलजवळच्या सुकापूरहून एका वाचकाचा प्रश्न आला आणि तो सुटल्याशिवाय केगला हात लावण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात घरी बिअर करायला 1949चा दारूबंदी कायदा आड येतो. त्यामुळे इथल्या वाचकाची बिअर बिघडवणाऱ्या ऑक्सिजनशी गाठ पडते ती ग्राउलरमध्ये, म्हणजे ताजी बिअर भरून न्यायच्या बाटलीत. करोनाच्या काळात, 2020 साली, राज्य सरकारने मायक्रोब्रुअरींना ग्राउलरमधून ताजी बिअर विकायची मुभा दिली. या वाचकाने पुण्याहून एक लिटरची बाटली भरून आणली. भरण्याआधी तिच्यात कार्बन डायॉक्साइड सोडला होता, गळ्याशी थोडी जागा रिकामी राहिली होती. चौथ्या दिवशी बाटली उघडली तर हॉप्सचा वास गेलेला आणि चव ओल्या पुठ्ठ्याची. ‘हा वायू हवेपेक्षा जड, मग तो बिअरवर दुलईसारखा पसरून राहायला नको?’ असा त्यांचा सवाल आहे.

ही समजूत घरी बिअर करणाऱ्यांमध्ये जगभर आहे. वायू जड आहे हे खरंच. त्याचा रेणूभार 44, हवेचा सरासरी 29. शिवाय समजुतीला पुरावाही मिळतो: सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची खोल पेवं आहेत आणि पेव काय किंवा जुनी विहीर काय, आत उतरलेला माणूस गुदमरल्याच्या घटना आपण ऐकतो. म्हणूनच जाणती माणसं आधी पेटता कंदील आत सोडून बघतात. तिथे तर वायू तळाशी बसलेलाच असतो!

फरक खोलीचा आहे. स्थिर हवेत हा वायू निव्वळ रेणूंच्या धावपळीने मिसळतो आणि अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. पाच मीटरला साधारण नऊ दिवस, दहा सेंटिमीटरला जेमतेम पाच मिनिटं. त्यात पेवातला माल नवा वायू सोडतच असतो. बाटलीत मात्र बिअरची धार पडते, हवा ढवळली जाते, आणि पाच मिनिटंही मिळत नाहीत.

आता हिशेब बघा. एक मिलिलिटर हवेत सुमारे 0.28 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. गळ्याशी 50 मिलिलिटर हवा राहिली तर 14 मिलिग्रॅम झाला. मोठे कारखाने बाटलीत लिटरमागे 0.05 मिलिग्रॅमच्या खाली राहायला धडपडतात. पुठ्ठ्याची चव देणारं ट्रान्स-2-नोनेनाल तर लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या दहाव्या हिश्शालाही जिभेला कळतं.

उरलेलं काम पनवेलचा उन्हाळा करतो. ब्रुअरीवाल्यांचा एक ठोकताळा आहे: नीट भरलेल्या बिअरचं 3 अंशांवर 300 दिवसांत जेवढं बिघडतं, तेवढं 22 अंशांवर 30 दिवसांत आणि 32 अंशांवर तीनच दिवसांत. गाडीच्या डिकीत द्रुतगती मार्गाने आलेली बाटली यात कुठे बसते, ते सांगायला नको.

तेव्हा ग्राउलर भरताना नळाला लांब नळी लावायला सांगा, ती तळाला टेकलेली हवी. बिअर गळ्यापर्यंत आली की फेस बाहेर सांडू द्या. त्या फेसाचे बुडबुडे कार्बन डायॉक्साइडचे असतात आणि ते हवेला बाहेर ढकलतात. झाकण फेसावरच घट्ट बसवा, बाटली बर्फात ठेवून आणा आणि शक्यतो त्याच रात्री संपवा.

केगमध्ये हेच काम पाणी करतं. केग काठोकाठ पाण्याने भरायचा आणि मग ते पाणी वायूच्या दाबाने बाहेर काढायचं. पुढच्या आठवड्यात सुरुवात तिथूनच.